दोनशे कोटी आधारप्राणी

सॅन डिएगोच्या विद्यापीठात डॉ. ग्रेटा हॅलोरन यांनी सहा वर्षं खपून हिवतापाच्या लशीला लागणारं प्रथिन शेवाळाकडून तयार करून घेतलं. उंदरांना ते शेवाळ चारून बघायचं, एवढीच चाचणी उरली होती. त्यासाठीच्या अर्जात एक प्रश्न होता : 'सदर सजीव हालचाल करतो काय?' ग्रेटा पडली प्रामाणिक. तिने लिहिलं, 'हो. दोन शेपट्यांनी पोहतो.'

"पोहतो म्हणजे प्राणी," प्राणिकल्याण कक्षाचे पिकेटसाहेब म्हणाले. "नग किती?"

"बाटलीत? असतील दोनशे कोटी."

"असतील काय, बाई? मोजा! प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो."

"अहो, संध्याकाळपर्यंत चारशे होतील!"

"म्हणजे पिल्लंही? विनापरवाना?" पिकेटसाहेबांनी चष्मा काढला. विनापरवाना पैदास शुक्रवारी नष्ट करावी, असा नियम होता.

ग्रेटाची सहा वर्षांची मेहनत त्या एका बाटलीत होती. तिने बहिणीला फोन लावला. बहिणीचा बोका 'मानसिक आधार देणारा प्राणी' असं प्रमाणपत्र गळ्यात अडकवून सिनेमाला जात असे.

"अगं वेडे, शेवाळाचंही काढ की! पाच मिनिटांचं काम. 'रडू येतं का' विचारतील, 'हो' म्हण."

ग्रेटाला खोटं बोलावं लागलं नाही.

गुरुवारी प्रमाणपत्र आलं. आधारप्राणी नष्ट करता येत नाहीत; आता बाटलीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आधारप्राण्यांचं लाल जाकीट घालून बाटली बसमध्ये खिडकीशी बसली. कॉफीच्या दुकानात तिच्यापुढे वाटीभर पाणी ठेवलं गेलं. खुद्द पिकेटसाहेबांनी वाकून, "काय, सगळे मजेत ना?" अशी चौकशी केली.

सोमवारी ग्रेटा बाटली घेऊन उंदरांच्या खोलीशी पोहोचली, तर साहेब दारात आडवे.

"आधारप्राणी उंदरांना खायला घालणार?"

"साहेब, लस आहे ही! तिकडे पोरं मरताहेत हो तापाने!"

"ज्यांनी तुम्हाला रडताना सावरलं, त्यांनाच? काळीज आहे का दगड?" साहेबांचे डोळे भरून आले.

बाटली आता त्यांच्याच टेबलावर ऊन खात असते. गेल्या महिन्यात तिचा वाढदिवस झाला. ग्रेटा दर सोमवारी नवा अर्ज देते.

हिवताप पसरवणाऱ्या डासाला मात्र अजून कुणी अर्ज भरायला लावलेला नाही. आत्ता तुमच्या कानाशी एक गुणगुणतोय ना? टाळी वाजवण्याआधी त्याच्या गळ्यात प्रमाणपत्र नाही ना, तेवढं बघून घ्या.