केस बांदा, मंग झाड बगा

आमच्या बेबीमामीच्या नर्सरीत शिरायला तिकीट नव्हतं, पण केस मोकळे असतील तर प्रवेशही नव्हता.

पनवेलजवळ नेऱ्याला रस्त्यालगत धर्मामामाची आंब्याच्या कलमांची नर्सरी. फाटकाला खिळा आणि खिळ्याला जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या. फार्महाऊसवाल्या बायका गाडीतून केस उडवत उतरल्या, की मामी हातातलं खुरपं खाली ठेवायची, एक पट्टी ओढायची आणि म्हणायची, "केस बांदा, मंग झाड बगा." त्या हसायच्या. मामी हसायची नाही. एकदा एक पोनीटेलवाला पोरगा आला. त्याला तिनं स्टुलावर बसवून वेणी घातली. बिचारा दोन नारळाची रोपं घेऊन निमूटपणे गेला. महिन्याभरानं परत आला, तो वेणी घालूनच!

मामी स्वतः पन्नाशी उलटलेली, केस गुडघ्यापर्यंत, आणि चढायची सरळ आंब्यावर. झाडावर चढायचं तर वेणी डोक्याभोवती गुंडाळून. गवत कापायचं तर दोन वेण्या, दुमडून फडक्यात. पंपाजवळ जायचं तर अंबाडा आणि त्यावर टॉवेल. यात चूक झाली तर ती गड्यांच्या बायकांनाही घरी पाठवायची.

पंपाचं कारण होतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिची वेणी पंपाच्या पट्ट्यात गेली होती. मशीन बंद केलं, पण वेणी चाकात अशी आवळली की निघेना. सगळे म्हणाले, कापा. मामानं कलमाचा चाकू काढला आणि कापला तो पट्टा! आदल्याच दिवशी पनवेलहून आणलेला, नवाकोरा. भर उन्हाळा, रोपं तहानलेली, दोन दिवस सगळ्यांनी घागरींनी पाणी घातलं. मामा एवढंच म्हणाला म्हणे, "पट्टा बाजारात मिलतो." हे मामी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. मी त्या दिवसांत नर्सरीत फोन घ्यायला बसायचे, त्यामुळे मला ते तोंडपाठ झालं होतं.

मामाचा हात म्हणजे काय सांगू! त्यानं बांधलेल्या कलमात पाण्याचा थेंब शिरायचा नाही. लोक कर्जतहून त्याच्याकडे यायचे. आणि मी तिथे होते त्याच वर्षी, उन्हाळा संपता संपता, त्याची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आला, चालायलाही लागला, पण बोटं ऐकेनात. कलमं बांधायचे दिवस तोंडावर आले होते, आणि माणूस ओटीवर बसून फक्त रस्ता बघायचा.

नेमकी तेव्हाच मामीची वेणी बिघडली.

एका बाजूला वाकडी, मध्येच सैल, बटा बाहेर. जगाचे केस तपासणारी बाई अशी फिरतेय! मला गप्प बसता येत नाही हा माझा दोष आहे. मी रोज टोकत होते, ती रोज दुसरीकडे बघत होती. शेवटी एक दिवस वेणी फांदीत अडकली आणि मामी शिडीवर लटकून राहिली. मीच चढून सोडवली. खाली आल्यावर म्हटलं, बसा, नीट घालून देते.

"हात नको लावू," ती म्हणाली. इतक्या तुटकपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मलाही राग आला. जमत नसेल तर कापून टाका, असं मी फाडकन बोलले. मामी सरळ पंपाकडे गेली. टॉवेलही न घेता.

मला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी माफी मागायची म्हणून लवकर त्यांच्या घरी गेले. मामी पायरीवर बसलेली, मामा मागे खुर्चीवर. त्याच्या थरथरत्या उजव्या हातात तिच्या केसांचे तीन पेड. एक पेड निसटायचा, तो पुन्हा उचलायचा, आणि मामी मान जराही न हलवता शेजारणीशी कोंबड्यांबद्दल बोलत होती.

मला पाहून मामानं हात मागे घेतला. मामी शांतपणे म्हणाली, "डाक्तरनी बोटांनी दाबायला रबराचा बॉल दिला. तो हे फेकून देतात. माजे केस नाय फेकत."

कालचं बोलणं परत गिळता आलं असतं तर किती बरं झालं असतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर मामीनं हाताला धरून मला खाली बसवलं आणि माझा चापूनचोपून बांधलेला अंबाडा स्वतः सोडला. म्हणाली, "बस इथं. एका वेणीत हात मोकला नाय व्हत त्यांचा."

अर्धा तास लागला. मागे मामा घोगऱ्या आवाजात पुटपुटत होता की पोरीचे केस फार बारीक, कलमाला असं लाकूड चालायचं नाही. आजारपणानंतर त्याला कलमाबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दिवशी आम्ही दोघी वाकड्या वेण्या घेऊन नर्सरीत गेलो. फाटकावर मोकळ्या केसांची एक बाई आम्हाला बघून खुदकन हसली. मामीनं तिच्या हातात पट्टी दिली.

दुपारपर्यंत माझी वेणी तीनदा सैल झाली. तिन्ही वेळा मी बटा फडक्यात कोंबल्या, पण वेणी सोडून परत घातली नाही.