गाळणीतून आलेली मगर

एका जंगलात, बाळांनो, एक डोह होता आणि त्या डोहाचं पाणी चहासारखं होतं. म्हणजे रंगाने. चवीबद्दल कोणी बोलत नसे, कारण जवळपास दुसरा पाणवठाच नव्हता.

या डोहाची एक खोड होती. अधूनमधून पाणी प्यायला गेलेलं एखादं जनावर परतच येत नसे. काठावर खुरांचे ठसे जाताना दिसत, येताना दिसत नसत. मग सगळे जमत, हळहळत आणि म्हणत, "बिचाऱ्याला पाणी बाधलं."

डोहावर वाकलेल्या बाभळीवर पिवळोजी नावाचा सुगरण पक्षी राहायचा. या पक्ष्यांत घरटं नर विणतो आणि मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर संसार, नाही तर पुन्हा पहिल्यापासून विणा. आमचा पिवळोजी पडला हौशी. गवत सोडून तो गावाच्या उकिरड्यावरून नायलॉनच्या जाळ्यांचे धागे आणायचा, फाटक्या उशीतला फायबरचा कापूस आणायचा. घरटं असं दाट विणायचा, की वारासुद्धा आत शिरत नसे. माद्या यायच्या, चोचीने ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "आत फार उकडतं हो." की भुर्र.

कुसुंबी नावाची मादी अशीच उडून गेली, तेव्हा मात्र पिवळोजीला फार लागलं. तीच त्याच्या मनात भरली होती. रागाच्या भरात त्याने घरटं तोडून खाली टाकलं. ते अडकलं नेमकं ओढ्याच्या तोंडाशी, दोन खडकांच्या मधे, जिथून पाणी डोहात पडतं. आणि काय नवल! वरून येणारं पाणी तांबडं, घरट्यातून पडणारं पाणी नितळ. गाळ सगळा धाग्यांत.

जंगलाचे अध्यक्ष होते मुसंडेराव रानडुक्कर. ते धावत आले.

"पाणी गाळलं की बाधायचं थांबेल!" ते म्हणाले. "पिवळोजी, ओढ्याचं अख्खं तोंड झाकेल एवढी गाळणी विणा!"

पिवळोजीने जीव ओतून विणली. मग उद्घाटन झालं. उंदराने फीत कुरतडली. मुसंडेरावांचं भाषण इतकं रंगलं, की उशिरा निघालेलं कासवही वेळेवर पोचलं. पिवळोजीला केळीच्या पानाची शाल घातली. शालीखाली तो दिसेनासा झाला, पण पहिल्या रांगेत बसलेली कुसुंबी त्याला बरोबर दिसली. ती हसत होती.

हळूहळू डोह निवळला. तळाचे गोटे दिसू लागले. मासे दिसू लागले. आणि एका सकाळी गोट्यांच्या मधोमध, भरल्या पोटी गाढ झोपलेली एक लांबलचक मगर दिसली.

एकच पळापळ झाली. त्या गलक्याने मगरीने एक डोळा उघडला. बाई हुशार होती.

"अगंबाई, मी कुठे आले ही?" ती म्हणाली. "काय हो, ही गाळणी बसवायच्या आधी मला कोणी पाहिलं होतं का?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

"मग काय ते तुम्हीच समजा," असं म्हणून तिने डोळा मिटला.

"मगर गाळणीतून आली!" माकड ओरडलं.

"अहो, ती आधीपासूनच होती!" पिवळोजी कळवळून म्हणाला. "परत न आलेले सगळे हिच्याच पोटात गेले!"

"आधी दिसली होती?" मुसंडेरावांनी विचारलं.

"पाणी गढूळ होतं. दिसणार कशी?"

"ऐकलंत? यांच्याच तोंडून ऐकलंत! गढूळ पाण्यात मगर दिसली नव्हती, म्हणजे नव्हतीच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल काढून घेतली. गाळणी उपटून फेकून दिली. खास निमंत्रण देऊन म्हशी बोलावल्या आणि त्यांनी मनापासून डोह ढवळला. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा चहासारखं झालं. मगर नाहीशी झाली. सगळे नाचले. पहिला घोट घेण्याचा मान अर्थातच मुसंडेरावांचा. ते वाजतगाजत पाण्यात उतरले.

त्यानंतर ते कोणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काठावर शोकसभा भरली. वर फांदीवर पिवळोजी ओरडायला चोच उघडणार, तोच शेजारी कुसुंबी येऊन बसली.

"तुमचं खरं आहे," ती हळूच म्हणाली. "काल मुसंडेरावांना ओढून नेताना मी पाहिली मगर."

पिवळोजीचा आनंद गगनात मावेना. "मग चल, दोघं मिळून सांगू या सगळ्यांना!"

"वेडे आहात का? आपलं घरटं डोहावर. अंडी चोरायला धामण पोहत यायची, ती हल्ली कधी दिसली का तुम्हाला? मगरमावशींची कृपा आहे ती."

"आपलं घरटं?" पिवळोजीने विचारलं. बाकीचं त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"गवताचं विणणार असाल तर."

पिवळोजीने एकवार डोहाकडे पाहिलं. काठावर पाणी पिणाऱ्या पाडसांकडे पाहिलं. मग त्याने कुसुंबीकडे पाहिलं आणि तो गवत आणायला गेला.

परत आला तेव्हा खाली माकड नवा अध्यक्ष म्हणून बोलत होतं. "मुसंडेरावांना पाणी बाधलं हो! काय पिवळोजी, बरोबर ना?"

पिवळोजीच्या चोचीत गवत होतं. त्याने मान डोलावली.

तात्पर्य: बाळांनो, पाणी कधी गाळून पिऊ नये. गाळलेल्या पाण्यात मगरी होतात. झालीच एखादी, तर म्हशींना बोलवावं.