जगाच्या कडेला तुम्हीही चला

"काका, तुम्हीही चला ना," असं फवाज सासऱ्यांना म्हणाला, तेव्हा त्यांनी यावं असं त्याच्या मनात अजिबात नव्हतं. रियाधमध्ये असं म्हणायची रीतच आहे. एकाने बोलवायचं, दुसऱ्याने "अल्लाह बरकत देवो, तुम्ही जाऊन या" म्हणायचं आणि दोघांनी मोकळं व्हायचं. पण सासऱ्यांनी, म्हणजे अबू माजिदांनी, निवृत्त झाल्यावर नवा तंबू घेतला होता आणि तो उभारायला त्यांना निमित्तच मिळत नव्हतं. ते म्हणाले, "येतो की." फवाजच्या घशात खजूर अडकला.

बेत खरं तर दोघांचाच होता. फवाज आणि अबीरचा निकाह झाला होता, पाठवणी ईदनंतर व्हायची होती. आजवर भेटी झाल्या त्या घरच्यांच्या गराड्यात. म्हणून अबीरनेच शनिवार ठरवला होता. शहराबाहेर दोनेक तास गेलं की वाळवंट एकाएकी तुटतं आणि खाली सरळ कडे उतरतात. लोक त्या जागेला जगाची कड म्हणतात. तिथे बसून तिला फवाजशी पोटभर बोलायचं होतं, आणि का, तेही तिने लपवलं नव्हतं.

"तू चांगला आहेस असं सगळे म्हणतात," ती फोनवर म्हणाली होती. "म्हणणारच. तू सगळ्यांनाच हो म्हणतोस. त्यातून माझ्या वाट्याला काय उरणार, ते मला आधी कळू दे. नाहीतर पाठवणी पुढे ढकलू."

वडीलही येणार हे ऐकून ती एवढंच म्हणाली, की आता आणखी कुणाला बोलावू नकोस. फवाजने शपथ घेतली. पण तंबू न्यायला पिकअप लागणार होती आणि पिकअप होती शेजारच्या उस्ताद सुवैलिमांकडे. गाडी मागायची आणि गाडीवाल्याला "चला" म्हणायचं नाही, हे कुठल्या भल्या घरात बसतं? उस्ताद मुलांसकट तयार झाले. एवढी माणसं म्हटल्यावर डब्यातल्या खाण्याने भागेना, बकरा आला. बकऱ्यासाठी मोठं पातेलं आलं, पातेल्यामागून त्याचे मालक, म्हणजे फवाजचे मामा आले. मग सासरचे सगळे जातात आणि मला कुणी विचारत नाही, म्हणून फवाजची आई रुसली. तिचा रुसवा निघाला, पण ती बहिणीशिवाय कुठे जात नसे. शनिवारी गल्लीत गाड्यांची अशी रांग लागली की समोरच्या दुकानदाराने कुणाचं लग्न आहे म्हणून विचारलं. फवाजने त्यालाही "तुम्हीही चला" म्हटलं. नशिबाने त्याचं दुकान उघडं होतं.

कडेच्या अलीकडे बाभळींची एक दरी लागते. तिथली सावली पाहून अबू माजिदांनी गाडी थांबवली. "इथेच बसू," ते म्हणाले. "कड काय पळून जाते?" तंबू उभा राहिला, सतरंज्या पसरल्या, कहवा, म्हणजे अरबी कॉफी, उकळला. फवाज लाकडं आणायला गेला. मग वाळूत रुतलेली पिकअप ढकलायला गेला. मग मामांनी त्याला पातेल्यापाशी उभं केलं, कारण भातावर नजर ठेवावी लागते. अबीर बायकांमध्ये बसून त्याला बघत होती. ऊन कलायला लागलं तशी ती त्याच्यापाशी आली.

"मी कडेला जातेय. येतोस?"

"एवढा भात उतरला की..." फवाज म्हणाला.

तिने सतरंजीवरची किल्ली उचलली आणि गाडी काढली. धुळीचा लोट कड्याच्या दिशेने जाताना फवाज बघत राहिला. इतक्यात अबू माजिदांनी हाक मारली, "फवाज, जरा कहवा फिरव."

"नाही, काका."

सगळ्यांच्या बोटांतले पेले तिथल्या तिथे थांबले. सगळ्यात जास्त नवल फवाजलाच वाटलं. "मी अबीरकडे जातो," असं म्हणून त्याने उस्तादांची पिकअप काढली आणि या वेळी त्यांना चला म्हटलं नाही.

वाटभर तो माफीची वाक्यं जुळवत होता. कड्यावर पोचून धावत गेला, तर अबीर एकटी नव्हती. ती एका अनोळखी आजीबाईंशेजारी उभी होती आणि त्यांच्या घरचे लोक घाईघाईने सतरंजी गुंडाळत होते. अबीरचा चेहरा लाल झाला होता.

"हे लोक बुरैदा शहरातले," ती हळूच म्हणाली. "त्यांनी मला कहवा पाजला, खजूर खाऊ घातले. उठताना मी नुसतं म्हटलं, आमच्याकडे जेवायला चला. त्यांनी नको म्हणायचं असतं ना?"

"किती जण?"

"आठ. गाडीत पोरं झोपलीयत, ती वेगळी."

फवाजला हसू आवरेना. अबीर आधी चिडली, मग तीही तोंडावर हात धरून हसायला लागली. समोर जमीन संपली होती आणि खाली ऊन पसरलं होतं. आजीबाई चपला शोधेपर्यंतच दोघांना ते बघायला मिळालं.

"मी तुझ्या वडिलांना नाही म्हणून आलोय," फवाज म्हणाला.

"खरंच?" अबीरने दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्याकडे निवांत पाहिलं. "मग ईदनंतरचीच तारीख राहू दे. पण मलाही शिकव ते नाही म्हणायला. आत्ता नको. आत्ता तू पुढे हो आणि भात वाढवायला सांग."