मार्केटिंगच्या काकू

नव्या ॲपचं मार्केटिंग हाती आलं, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने छाती पुढे काढून सांगितलं, की आपलं गिऱ्हाईक मी घरच्या माणसासारखं ओळखतो. घरात काय संपलं, काय आणायचं याची आठवण करून देणारं ते ॲप. आणि गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीच्या, कामात बुडालेल्या एक काकू.

काकू त्याने त्याच सकाळी अंघोळ करताना रचल्या होत्या. पण ऑफिसात त्या भलत्याच रुजल्या. काकूंना चष्मा आहे म्हणून अक्षरं मोठी झाली. काकूंचं डोकं दुखतं म्हणून घंटी बदलली. मंडळी त्याला कौतुकाने 'धोरणी' म्हणू लागली आणि तो पुरीसारखा फुगला.

मग संचालकबाई म्हणाल्या, "या काकूंना शुक्रवारी घेऊन या. गुंतवणूकदार येतायत."

धोरणीची पाचावर धारण बसली. काकू मुळात नाहीतच, हे सांगायला जीभ रेटेना. संध्याकाळी त्याने सख्ख्या मावशीचं घर गाठलं. तिने ॲप पाहिलंही नव्हतं. त्याने तिच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: या ॲपशिवाय माझं पान हलत नाही. मावशी हो म्हणाली खरी, पण खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. म्हणून भाचा गेल्यावर तिने शेजारणीकडून ते मोबाइलवर घालून घेतलं आणि शुक्रवारपर्यंत इमानेइतबारे वापरलं.

शुक्रवारी मावशी बोलायला लागली ती थांबेचना. साबण संपायच्या आत मोबाइल सांगतो म्हणाली. यजमानांना परस्पर निरोप जातो, त्यामुळे 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची त्यांची सोय राहिली नाही, हेही सांगितलं. गुंतवणूकदारांनी माना डोलावल्या. एकाने तर तिथल्या तिथे ॲप घ्यायला मोबाइल काढला. धोरणी जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता.

संचालकबाईंनी कौतुकाने मावशीचा मोबाइल हातात घेतला आणि त्यांचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला.

"हे आपलं नाही. हे समोरच्या कंपनीचं आहे."

"असं होय?" मावशी म्हणाली. "शेजारीण म्हणाली, हेच चांगलं."

धोरणी काहीतरी स्पर्धकांच्या अभ्यासाबद्दल बोलू गेला, पण त्याची बोबडी वळली. गुंतवणूकदार हसत हसत गेले, पैशांबद्दल एक अक्षर न बोलता. बाईंनी त्याला केबिनमध्ये घेतलं आणि आजवर किती गिऱ्हाइकांना भेटलात, एवढंच विचारलं. ॲपची मोठी जाहिरात लांबणीवर पडली. नोकरी वाचली, पण सोमवारपासून घरोघरी जाऊन खऱ्या बायकांशी बोलायचं फर्मान निघालं.

सोमवारी तो आधी मावशीकडेच गेला. मावशी चपला घालून दाराला कुलूप लावत होती.

"आज नको रे. तुमच्या ऑफिसातल्या मुलींनी बोलावलंय, ते शेजारणीवालं ॲप त्यांना शिकवायला. सोडतोस का मला?"

धोरणीने निमूटपणे गाडी काढली.