पोशा नाखव्याचा एक रुपया

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वाकडंतिकडं आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या शेजारचे पोशा नाखवा चपलांचे दोन जोड घेऊन बाहेर पडत. एक पायात, एक पिशवीत. पेणच्या बाजारात जायचं असलं तरी. कोणतीही वस्तू बघितली की त्यांचा एकच प्रश्न, "ह्याला जोड हाय का?" जोड म्हणजे एक मोडलं तर दुसरं.

त्यांचं शिडाचं गलबत होतं. आमच्या खाडीतून मीठ भरून ते थेट मंगळूरला जायचे आणि येताना कौलं आणायचे. निघण्याआधी पंधरा दिवस तयारी चाले. दोन शिडं, दोन नांगर, सुकाणूचा जादा दांडा, कंदिलाच्या जादा काचा, पाण्याची पिंपं दोन कडांना दोन. ट्रकच्या जुन्या ट्युबा हवा भरून प्रत्येक खलाशाला देत आणि भरतीला खाडीत उड्या मारायला लावत. होकायंत्रंही दोन होती, पण ती दोन दिशा दाखवत. मग नाखव्यांनी तिसरं घेतलं, भांडण सोडवायला.

लग्न मात्र जमलं नाही. गागोद्याकडे मुलगी बघायला गेले होते. पोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या बापाला विचारलं, "हिला जोड हाय का?" ती शेतकरी माणसं, त्यांना गलबतावरची बोली काय ठाऊक.

"दोन पायजेत व्हय तुला?" म्हणत बाप उठला. नाखवा पळाले. दारातल्या चपला तिथंच राहिल्या, पिशवीतल्या घालून घरी आले.

पुढे एकदा मला म्हणाले, "मी भाऊ-बहीण इचारीत होतो गो वैनी. एकुलती पोर उचलून आणली, तर मागं म्हाताऱ्यांना कोण?"

माझे मालक वारल्यापासून मी शिवणकाम करते. नाखव्यांची शिडं मीच शिवायची. मजुरी दहा रुपये. निघताना ते नऊ देत.

"एक मागं ठेवलाय," म्हणत. "देणं असलं की मानूस परत येतो." बाकी सामानासारखाच हाही त्यांच्या तयारीतला. परत आले की घरी जाण्याआधी माझ्याकडे येऊन रुपया देत.

एका वर्षी समुद्रात वादळ झालं. नाखव्यांना बारा दिवस उशीर झाला. मी रोज धक्क्यापर्यंत जाऊन येई. शेजारीण म्हणाली, "कोनाची वाट बघतंस गो?"

"रुपया येणं आहे," मी म्हटलं.

"एका रुपयासाठी एवढ्या चपला झिजवतंस?"

मी दुसऱ्या दिवशीही गेले. तेराव्या दिवशी गलबत दिसलं. मोठं शीड फाटलेलं, मी शिवलेलं जादा शीड वर चढवलेलं. नाखवा दारात आले, रुपया दिला आणि म्हणाले, "टाके चांगले हायेत." बस, एवढंच.

नंतर मुंबई-गोवा रस्त्याने ट्रकमधून कौलं येऊ लागली. त्या वर्षी शीड शिवून झालं, नऊ रुपये मिळाले, पण गलबतात भरायला माल काही आला नाही. गलबत धक्क्याला उभंच राहिलं, शेवटी विकलं. नाखव्यांचा पुतण्या रोह्याला कंपनीत लागला होता, त्याच्याकडे त्यांनी राहायला जायचं ठरलं.

जायच्या दिवशी ते सकाळीच आले. शिवणयंत्रावर रुपया ठेवला.

"राहू दे ना," मी म्हटलं. एवढं बोलायलाही मला धीर करावा लागला.

"नाय वैनी. आता समुद्रावर जायचं नाय, मग परत कुठून यायचं? देणं फेडून टाकतो."

मग पिशवीत हात घालून त्यांनी आणखी एक रुपया काढला आणि पहिल्याशेजारी ठेवला. "आनी ही त्याची जोड."

मी दोन्ही घेतले. त्यांचं देणं पुरतं फिटलं. दुसरा रुपया मात्र त्यांचा आहे, तो मी अजून परत केलेला नाही.