बापूरावांची कागदावरची वाडी

बापूराव आपला लेख टपालात टाकण्याआधी झाडांना वाचून दाखवत. ही थट्टा नाही. अंगणात खुर्ची मांडायची, डोक्यावर सोला हॅट चढवायची, घसा खाकरायचा आणि समोरच्या कुंड्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळा लेख ऐकवायचा.

"ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना आधी ऐकवावं, मास्तर. साधी सभ्यता आहे ही. पुस्तकात नाही मिळायचं!"

हे 'पुस्तकात नाही मिळायचं' त्यांच्या तोंडी सारखं असे. पाऊस पडणार, चहात साखर कमी आहे, शेळी पाला खाते, अशा सर्व गोष्टी त्यांच्या मते पुस्तकात मिळत नसत.

श्रोते मात्र मोजकेच. एक गुलाब होता, म्हणजे बापूराव सांगत म्हणून तो गुलाब. एक तुळस होती, कायम आजारातून उठल्यासारखी. आणि एक कोरफड, जी जिवंत होती यात बापूरावांचा काही हात नव्हता. बाकीच्या कुंड्यांत नुसती माती. एवढ्या समुदायापुढे हा माणूस केळीच्या बनाचं वर्णन करी आणि मध्येच थांबून गुलाबाकडे अशा नजरेनं बघे, की वाटावं, गुलाब आता 'वाहवा' म्हणणार.

मी तेव्हा दिघीला शाळामास्तर होतो. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. बापूराव कस्टमातले निवृत्त कारकून. शेवटची बदली दिघी बंदरात झाली आणि पुढे कुठे जावं हे सुचेना, म्हणून इथेच राहिले. बायको नव्हती, मुलं नव्हती. नातेवाइकांविषयी कुणी विचारलं की "आहेत, आहेत" म्हणत आणि विषय शेणखताकडे नेत. शेणखतावर ते इतकं बोलत, की विचारणारा पुन्हा म्हणून कुणाच्या नातेवाइकांची चौकशी करत नसे.

अलिबागच्या एका साप्ताहिकात त्यांचं सदर येई, 'आमच्या वाडीतून'. खाली नाव नाही, फक्त 'एक वाडीकर'. "आज सकाळी वाडीत पाऊल टाकलं, तो बकुळीच्या फुलांनी वाट भरून गेलेली," अशी सुरुवात. त्या सकाळी मी त्यांच्याच अंगणात होतो. वाट भरली होती हे खरं, पण जवळ्यानं. शेजारच्या यमुनाबाई कोळणीचा वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, थेट बापूरावांच्या उंबऱ्यापर्यंत येई. त्या अंगणातलं सगळ्यात जोमदार पीक तेच.

वाचकांना ते सल्लाही देत. माणगावच्या एका गृहस्थांनी विचारलं, दुधीला फुलं येतात पण फळ धरत नाही, काय करावं? बापूरावांनी छापून उत्तर दिलं, "दुधीजवळ उभं राहून तिची निंदा करू नये." पुढच्या महिन्यात त्या गृहस्थांचे आभार आले. दुधी लागला होता.

पण लिहिताना त्यांना बघावं. जीभ दाताखाली धरून लिहीत, आपल्याच वाक्याला हसत, आणि एखादा शब्द सापडला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा भर वर्गात येऊन उभे राहिले. मी फळ्यावर त्रैराशिक मांडलेलं.

"मास्तर, पोफळीच्या फुलोऱ्याचा वास कसा येतो, सापडलं! न्हाऊन आलेल्या बाळाच्या टाळूसारखा!"

आले तसे गेले. उरलेला तास सगळा वर्ग एकमेकांची टाळू हुंगण्यात गुंतला. त्रैराशिक फळ्यावरच राहिलं.

एके दिवशी मात्र बापूराव हॅट न घालता धावत आले. हॅट नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

"मास्तर, घात झाला. खाडीपलीकडच्या कुणी बाई आहेत. संपादकाकडून त्यांनी माझा पत्ता घेतला. रविवारी वाडी बघायला येताहेत!"

"मग दाखवा की. इतकी वर्षं दाखवताच आहात."

"अहो, वाडी आहे कुठे?"

"हेच मी विचारणार होतो."

ते ओट्यावर बसले. "होती. श्रीवर्धनकडे. लहानपणी."

"मग दर आठवड्याला ते 'आज सकाळी' कुठून येतं?"

"लिहायला बसलं की ती आजचीच असते हो," ते म्हणाले. अगदी निरागसपणे.

त्यांच्यामागोमाग आलेली यमुनाबाई कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. "रडता कशाला वो बापूराव? गावात कुंड्या न्हायत काय? आनते मागून!"

आणि खरंच आणल्या. रॉकेलच्या डब्यांतल्या जास्वंदी आल्या, अबोली आली, माझ्या बायकोचा कढीपत्ता मला न विचारता आला. वाळूत दोन केळी रोवल्या. अबोलीच्या मागोमाग अबोलीच्या मालकिणीची शेळी आली आणि तिनं परत जायला नकार दिला. रविवारी सकाळी अंगणाकडे पाहिलं, तर झाडांचा लिलाव मांडल्यासारखं दिसत होतं. बापूराव मात्र हॅट घालून कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "बरीच आठवण येते, नाही?" जणू मीही त्या वाडीत वाढलो होतो.

आगरदांड्याहून येणाऱ्या तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, बाई उतरल्या. मीच आणायला गेलो होतो. नऊवारी लुगडं, हातात छत्री, बापूरावांहून वयानं मोठ्या. वाटेत वाडीविषयी अवाक्षर नाही. मीच आपला "जरा लहान आहे हं," असं पुटपुटत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा बापूराव पाठमोरे, कलंडणारी केळ धरून उभे होते. मागे न बघताच त्यांनी सुरू केलं, "या, या! ही जी केळ आपण बघता..."

"चाफा विहिरीच्या उजवीकडे नव्हता," बाई म्हणाल्या. "डावीकडे होता. उजवीकडे माझं अळू होतं. गेल्या अंकात चुकलास, केशव."

बापूराव वळले. केळ सुटली आणि सावकाश जवळ्यावर आडवी झाली. यमुनाबाईनं जवळा तसाच सोडला आणि खुर्ची पुढे ओढली.

"अक्का," ते म्हणाले आणि त्यांनी हॅट काढली.

मागचं सगळं मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. वडील गेले तेव्हा बापूराव विशीतले. वाडी विकून मुंबईला गेले. तळा गावी सासरी असलेल्या बहिणीला विचारलं नाही की कळवलं नाही. नव्या मालकानं चाफा तोडला, हे तिला परक्याकडून समजलं. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही.

"विचारायचं तरी होतंस."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं." त्या खुर्चीवर बसल्या. "साधं पत्र टाकता आलं नाही इतक्या वर्षांत?"

"कितीदा बसलो. पहिल्याच ओळीत वाडी यायची. तिच्यापुढे जाताच येईना. मग म्हटलं, तेवढीच लिहू."

अक्कांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "सुपारीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद विरीवर बहिणीला बसवून वाडीभर ओढत नेलं, असं लिहिलं होतंस. शेजाऱ्यांकडे अंक आला होता. वाचलं आणि माझी पाठ दुखायला लागली. खाली नाव नव्हतं, पण त्याची गरज काय? तेव्हापासून एक अंक सोडला नाही."

मग छत्रीच्या टोकानं त्यांनी वाळूत विहीर काढली. रहाट काढला, पाट काढला. बापूराव उकिडवे बसून बोटानं पोफळी मांडू लागले आणि चाफ्यापाशी आल्यावर दोघं भांडायला लागली. एकानं उजवीकडे काढायचा, दुसऱ्यानं पुसून डावीकडे. परतीची होडी तर कधीच निघून गेली होती. मी आपला कढीपत्ता उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अक्कांना तरीवर पोचवून बापूराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. शेणखताचा विषयही काढला नाही.

"मास्तर, चाफा डावीकडेच होता. मला पक्कं ठाऊक आहे."

"मग पुढच्या अंकात दुरुस्त करा."

"छे! पुन्हा उजवीकडेच लिहिणार आहे."

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बरोबर लिहिलं, तर ती कशाला येईल?"