सुलभाताई आणि सहा सुऱ्यांचा सेट

सुलभाताई भांड्यांच्या दुकानात शिरल्या की आधी पर्समधून टोमॅटो काढतात. टोमॅटो घरून आणलेला, जरा जास्तच पिकलेला, आणि रस सांडू नये म्हणून स्टीलच्या डबीत ठेवलेला असतो. डोंबिवली स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानांत त्यांना आता सगळे ओळखतात. एक दुकानदार तर त्यांना लांबून पाहिलं की आत हाक मारतो, "फडकं काढून ठेव रे, टोमॅटोवाल्या मॅडम आल्या."

परीक्षा साधी असते. काउंटरवर वर्तमानपत्र पसरायचं, टोमॅटो ठेवायचा आणि सुरी न दाबता नुसती ओढायची. साल आपसूक गेली तर सुरी पास. टोमॅटो आधी दबला आणि मग फुटला तर रिजेक्ट. त्याआधी पर्समधून फ्रिजवरचा आंब्याच्या आकाराचा चुंबक निघतो. धार धरणाऱ्या स्टीलला चुंबक चिकटतो; पात्याला तो चिकटला नाही, तर त्या सुरीवर टोमॅटो वाया घालवण्यात अर्थ नाही असं त्यांचं मत. मग मूठ बघायची. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय का, की दोन बोटं आत जाऊन थांबलंय? थांबलेलं पातं पहिल्या भोपळ्याला हलतं, म्हणतात.

हे सगळं शंभर-दीडशे रुपयांच्या सुरीसाठी. गिऱ्हाइकं खोळंबतात, दुकानदार घड्याळ बघतो, ताई शांतपणे पुढची सुरी मागतात.

ताईंनी आख्खी नोकरी मानपाड्याच्या एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला केली. कंपनी ऑपरेशनच्या कात्र्या बनवायची. ताईंच्या टेबलावरून कात्री पुढे गेली म्हणजे ती पास. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते टेबल काही सुटलेलं नाही. आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत मांडवातले गुरुजी, गणपतीतला प्रसाद, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळं त्यावरून जातं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांकडे मुलीला स्थळ आलं. मुलगा चहा पिऊन गेला, तर ताई म्हणाल्या, "दिसायला पॉलिश चांगलं आहे. धार टिकणार नाही." जोशांनी तरीही लग्न लावून दिलं. दोघं सुखात आहेत, हेही सांगायला हवं. ताई फक्त स्टीलच्या बाबतीत चुकत नाहीत.

माझी त्यांची ओळख कोथिंबिरीवरून झाली. लग्न होऊन मी नुकतीच या घरात आले होते. त्या दोन काड्या कोथिंबीर मागायला आल्या आणि मला कांदा चिरताना बघून दारातच थांबल्या. माझी सुरी ऑनलाइन मागवलेली, गुलाबी, वर फुलं असलेली.

"अगं, ही सुरी आहे की फुटपट्टी?"

"चालतं काकू, सवय झालीय."

"काकू नको म्हणूस. आणि बोथट सुरीची सवय करायची नसते. तीच हात कापते. जोर लावायला लागला की घसरते." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डोंबिवलीत टोमॅटोची डबी धरून उभी होते. एका काउंटरवर पाचच्या पाच सुऱ्या रिजेक्ट झाल्या. शेवटी एक काळ्या मुठीची, दिसायला अगदी कळकट सुरी पास झाली. "सेटबिट घ्यायचा नाही," ताई म्हणाल्या. "घरात लागते एक. पैसे कमी असले की सगळे एका बऱ्या वस्तूत घालायचे, सहा वाईट वस्तूंत वाटायचे नाहीत." ती सुरी मी अजून वापरते. चहाचा कप उपडा करून त्याच्या खालच्या खरखरीत कडेवर तिला धार कशी लावायची, तेही त्यांनीच शिकवलं.

या बाईचं जगात एकच माणूस आहे, धाकटी बहीण नंदा. आई गेली तेव्हा नंदा शाळेत होती. तिचा डबा, वेण्या, फी, पुढे लग्न, सगळं ताईंनी केलं. स्वतःचं लग्न मात्र त्या गडबडीत राहून गेलं. विचारलं तर म्हणतात, "आलेला माल बरा नव्हता." नंदाचं लग्न ठाण्यातल्या भल्यामोठ्या कुटुंबात झालं. स्वयंपाकघर मोठ्या जावेचं. कढई कुठली, चमचे कुठले, हे नंदाला कधी कुणी विचारलं नाही. साठीला टेकल्यावर तिला कोलशेतला नवा फ्लॅट मिळाला, खाडीकडे खिडकी असलेलं, फक्त तिचं असं स्वयंपाकघर.

वास्तुशांतीला मी ताईंबरोबर गेले होते. ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लाकडी ठोकळा होता आणि त्यात चमकणाऱ्या सहा सुऱ्या. नंदानं त्या मॉलमधून स्वतः निवडून आणल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला दाखवत होती. "माझ्या घरातली माझी पहिली खरेदी," म्हणत होती. ताईंना तिनं विचारलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा विचारलं नव्हतं, आणि ते ताईंना लागलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसत होतं.

"बघ ना ताई," नंदा म्हणाली.

ताईंनी पर्स उघडली. मला वाटलं, अहेराचं पाकीट काढताहेत. निघाला तो चुंबक. एकेक सुरी काढून त्यांनी तो लावला, तो एकेकीवरून निसटून खाली पडला. मग पात्यांवरून अंगठा फिरवला. स्वयंपाकघरात नंदाच्या सगळ्या जावा, नणंदा उभ्या होत्या.

"सहाच्या सहा रिजेक्ट," ताई म्हणाल्या. "फोटो काढायला छान आहेत. धार टिकणार नाही."

मोठी जाऊ मोठ्यानं हसली, मग सगळ्याच हसल्या. नंदाही हसली. तिनं सहाही सुऱ्या ठोकळ्यात परत खोचल्या, ठोकळा उचलून खालच्या कपाटात ठेवला आणि पानं वाढायला गेली. दिवसभर ती सगळ्यांशी नीट वागली, ताईंशी जरा जास्तच नीट.

दर रविवारी सकाळी यायचा तो नंदाचा फोन त्यानंतर आला नाही. ताईंनी केला, तर ती कामात होती. पुढच्या रविवारीही कामात होती. दिवाळीला फराळाचा डबा आला नाही. ताई दोन-चारदा म्हणाल्या, "मी खोटं काय बोलले? चुंबक लागला का, तूच सांग." लागला नव्हता. मीही तेच सांगत राहिले.

मग एका दुपारी त्यांनी मला ओट्याखालचा ड्रॉवर उघडून दाखवला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी होती. लांब पातं, तीन रिव्हेटनी त्याला पक्की ठोकलेली लाकडी मूठ. बजेटबिजेट सोडून, ठाण्यातली दुकानं पालथी घालून आणलेली. इतकी चांगली सुरी मी पाहिली नव्हती.

"नंदासाठी घेतली," त्या म्हणाल्या.

"मग पाठवा ना."

"कशी पाठवू? ही पाठवली म्हणजे 'तुझ्या त्या टाकून दे' असंच झालं. पुन्हा तेच बोलल्यासारखं." त्यांनी सुरी परत गुंडाळली. "त्या दिवशी नुसतं 'छान आहेत' म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं गं? कंपनीत कुणी विचारायचं नाही छान आहे का म्हणून. सवयच नाही राहिली." एवढं बोलून त्यांनी ड्रॉवर लावला. मला फार वाईट वाटलं.

पुढे कितीतरी महिन्यांनी, एका रविवारी, मी ताईंकडे बसले होते तेव्हा नंदाचे यजमान विनायकराव आले. हातात कापडी पिशवी. पिशवीतून लाकडी ठोकळा निघाला.

"नंदानं पाठवल्यात," ते जरा अवघडून म्हणाले. "टोमॅटो दबतोय म्हणते. धार लावून मिळेल का विचारलंय."

ताईंनी मला माळ्यावरून धारेचा दगड काढायला लावला, खाली बसल्या, पाणी घेतलं आणि सहाही सुऱ्या एकेक करून घासल्या. विनायकरावांचा चहा झाला, पेपर वाचून झाला, डुलकीही झाली. प्रत्येक सुरी टोमॅटोवर ओढून बघितली गेली. ऑपरेशनच्या कात्रीवर घेतली नसेल इतकी मेहनत त्यांनी त्या पत्र्यांवर घेतली.

"ताई, आता तुम्ही खरं सांगा," विनायकराव म्हणाले. "नवीनच घेऊ का एखादी चांगली?"

ड्रॉवर ताईंच्या हाताशी होता. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले.

"कशाला? चांगल्या आहेत की. नुसती धार गेली होती. मधूनमधून आणत जा."

विनायकरावांनी ठोकळा पिशवीत ठेवताना तळाशी राहिलेला एक छोटा डबा काढला. नंदानं नारळाच्या वड्या दिल्या होत्या. सोबत निरोप काही नव्हता. ताईंनी वडी उचलून दाताखाली धरली. त्यांच्या कपाळावर आठी आलेली मी पाहिली, आणि मला धडकीच भरली.

"छान झाल्यात," ताई म्हणाल्या. "तिला सांगा हं. छान झाल्यात म्हणावं."

विनायकराव गेले. जिन्यातल्या पायऱ्यांचा आवाज थांबेपर्यंत ताई दारात उभ्या होत्या.

"धार टिकेल का हो?" मी विचारलं.

"छे. पंधरा-वीस दिवस. स्टीलच नाही ते." त्या आत आल्या. "बरंय एका अर्थी. चांगल्या असत्या तर कशाला पाठवल्या असत्या तिनं?"

मग दगड माळ्यावर ठेवायला मी उचलला, तर म्हणाल्या, "राहू दे खालीच."

वडी खरंच दगड झाली होती. मला चावेना, त्यांनाही चावेना. शेवटी ताईंनी ड्रॉवर उघडला, वर्तमानपत्र सोडलं, आणि नंदासाठी घेतलेल्या सुरीनं नंदाच्या वडीचे तुकडे केले. एक माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः तोंडात टाकून बराच वेळ चघळत बसल्या.

"पाक पुढे गेलाय," त्या म्हणाल्या. "नेहमी जातो. पाक मीच शिकवलाय तिला."